उपाशीपोटी बोलणी

रायपूर, समता कॉलनी
२१ जानेवारी २००२

चि. निवेदिता,

तुले सगळं आठवते. कोणत्या भाजीत किती लोह अन् कोणत्या डाळीत किती ताकद, ते तोंडपाठ. फक्त एवढंच विसरलीस का तुझ्या आजीले वाचता येत नाही. माझ्या नावानं पाकीट आलं म्हणून मी ऐटीत फोडलं, तर आत हा मोठा छापील कागद. मी तो सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, दोन्हीकडून सारखाच. शेवटी तुझ्या मायले बोलावलं. तिनं वाचून दाखवलं, 'उत्साही जीवनासाठी दिनचर्या', अन् कागद स्वयंपाकघराच्या दाराले चिकटवला. तेव्हापासून या घरात चहा बंद आहे. तुझं कल्याण होवो.

हे पत्र तुझी मायच लिहून राहिली. मी सांगते तसंच लिहायचं, आपल्याकडून काही सुधारायचं नाही, असं ठरलं आहे.

(ठरलं आहे. पण चहा मी बंद केला नाही, तुझ्या कागदानं केला. केसांना तेल लावत जा. — आई)

पाहिलंस? पहिल्याच पानावर घुसली.

तर तुझा बाप. राज्य नवीन झालं तेव्हा मले वाटलं, राजधानी घराशी आली, आता शेखर दिवसाउजेडी घरी येईल. तर भोपाळहून आधी फायलींचे बस्ते आले, मागून साहेब लोक आले, अन् शेखरच्या वाट्याले जे साहेब आले ते निजतच नाहीत. त्यांनी आपल्याकडं फोन बसवून दिला. पण त्या फोनवर आपण बोलायचं नाही, लाइन मोकळी पाहिजे, साहेब केव्हाही करतील. म्हणून तर तुले ही पत्रं. तुझा बाप घास तोंडाशी नेतो का घंटी वाजते. तो 'जी सर' म्हणत उठतो अन् अर्धी पोळी ताटात वाळते. परवा दूधवाल्याले 'जी सर' म्हणाला. विजेच्या बिलावर 'अवलोकनार्थ सादर' असं लिहून बिल माझ्यापुढं ठेवलं. मी काय अवलोकन करू? दिवाळीपासून तो माझ्यासंगं एकदाही पोटभर जेवला नाही. मले फक्त हे बोचते. बाकी राज्य त्यांचं त्यांनी चालवावं.

कॉलनीतला डॉक्टर म्हणाला, रक्त ठीक, साखर ठीक, माणूस मात्र संपत आला, सवयी बदला. तुझा कागदही तेच सांगते. सूर्याच्या आधी उठा, म्हणते. अगं, उठायले आधी निजावं लागते, हे कोण्या छापखान्यात छापतात का?

मंग शेजारचे श्यामराव आले. ते रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, शिट्टी मात्र घरी घेऊन आले. बागेत हास्यक्लब चालवतात. शिट्टी वाजली का सगळ्यांनी हसायचं, पुन्हा वाजली का गप्प. शेखरले नेलं, त्याच्यासंगं मीही गेले. तुझा बाप हसता हसता उभ्यानं निजला, अन् श्यामराव त्याच्या कानाशी जाऊन 'हा हा हा' करून राहिले. मले नाही राहवलं. म्हटलं, "श्यामराव, जन्मभर बायकोले दात दाखवले नाहीत, अन् इथं लिंबाच्या झाडाले हसून दाखवता? लाज नाही वाटत?" अन् मंग मी थांबलेच नाही. एकेकाले धरलं.

शेखर जागा होऊन फोनच्या धाकानं केव्हाच घरी पळाला होता. तेवढ्यात मागून पांढरे बूट घातलेला एक गोरा, थुलथुलीत माणूस पुढं आला अन् हळूच म्हणाला, "अम्मा, मुझे भी कुछ कहिए."

मी म्हटलं, पोट पट्ट्यावर ठेवून फिरतोस, तोंड धुतलेलं दिसत नाही, तुझ्या मायनं तुले घराबाहेर सोडलं कसं? तो माझ्या पाया पडून गेला. नवीन राजधानीत काय काय लोक येऊन राहिले, देवाले ठाऊक.

तुझी आजी,
पद्मिनी

---

नागपूर, वसतिगृह
३० जानेवारी २००२

ती. आजीस सादर नमस्कार.

कागद तुझ्या नावानं पाठवला, कारण घरात सगळे तुझंच ऐकतात. तुला वाचता येत नाही हे मी विसरले नव्हते. थोडीशी विसरले होते.

आजी, हास्यक्लबात जाऊन लोकांना असं बोलू नकोस. हसण्यानं फुप्फुसं मोकळी होतात, हे आमच्या आहारशास्त्राच्या सरोजिनी मॅडमनी शिकवलंय. रागावण्यानं मात्र रागावणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा, दोघांचाही रक्तदाब चढतो. तुझं वय काय, तू बोलतेस काय! त्या पांढऱ्या बूटवाल्यांची माफी माग. कोण आहेत ते?

बाबांना डब्यात मोड आलेली मटकी द्या. जेवण झाल्यावर थोडं फिरायला लावा. आणि तो फोन झोपायच्या खोलीतून बाहेर काढा. माणूस झोपेतही घंटीची वाट पाहत असेल, तर ती झोप अंगी लागत नाही. आई, हे तुझ्यासाठी आहे.

आता पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. म्हणजे, वाचणार आईच आहे. तर आई, तू वाच, पण आजीला सांगू नकोस. नाही, तसंही नको. असू दे. माझी तब्येत छान आहे.

तुझी,
निवेदिता

---

रायपूर
१७ फेब्रुवारी २००२

चि. निवेदिता,

तू जी गोष्ट लिहायले निघालीस अन् लिहिलीच नाहीस, ती आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा वाचली. तुझी माय म्हणते, प्रेमाचं प्रकरण आहे. मी म्हणते, पोटाचं आहे.

तुझे उपाय केले. फोन ओसरीत नेऊन ठेवला, वरून टोपलं झाकलं. तुझा बाप चादर घेऊन टोपल्यापाशी जाऊन निजला. मटकी डब्यात नेतो अन् डब्यातच परत आणतो. मोडाले आता पानं फुटून राहिली, थोड्या दिवसांत शेंगा धरतील.

आता क्लबाचं ऐक. त्या दिवशीपासून हसणारे कमी झाले अन् माझ्यापुढं रांग लागली. मी बाकड्यावर बसते, श्यामराव शिट्टी वाजवतात, एक माणूस पुढं येतो. मी त्याले बोलते. पुन्हा शिट्टी, का दुसरा. श्यामरावनं नियमही केले. उपाशीपोटी यायचं, कानटोपी काढून यायचं, उलटून उत्तर द्यायचं नाही. म्हणतात, औषधाले पथ्य पाहिजेच.

तू म्हणते रक्तदाब चढतो. इथं तर सगळ्यांचा उतरून राहिला. एक रस्त्याचा इंजिनियर येतो. त्याले मी म्हटलं, लोकांच्या दारापुढं खणून ठेवतोस अन् आपल्या घरी दार लावून निजतोस? तो रडला. दुसऱ्या दिवशी सांगत आला का बरसों से पेट साफ नहीं होता था, आज हुआ. सिलतऱ्याचा एक लोखंडाचा कारखानावाला येतो. त्याले म्हटलं, माझी वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी काळी होते, तुझी बायको येते का धुवायले? म्हणतो, घुटने का दर्द चला गया. अन् येताना नवीन चादर घेऊन आला. मी त्यावरूनही बोलले.

मले समजलं ते असं. ही सगळी मोठी माणसं. मायबाप तिकडं गावी राहिले, इथं दिवसभर जो तो 'जी सर, जी सर' करते. सगळ्यांचं खाऊन कंटाळले, बोलणी खायले मिळत नाहीत. ते पांढरे बूट तर रोज रांगेत पहिले. त्याच्यासाठी मी रोज नवीन काही शोधून ठेवते. परवा नाक कसं शिंकरतो त्याच्यावरून बोलले. म्हणतो, "अम्मा, आपकी डाँट से दिनभर फुर्ती रहती है," अन् पोट्ट्यासारखा उड्या मारत गाडीत जाऊन बसला. माफी कशाची मागू? तोच उपकार मानून राहिला. कोण आहे म्हणशील तर मी विचारलं नाही. नाव माहीत झालं का माणूस बोलताना अडखळते.

बरं, ते लोक माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा आणतात. आल्याचा.

(हे मला आत्ता, लिहिताना कळलं. — आई)

फक्त तुझा बाप त्या पहिल्या दिवसानंतर आला नाही. त्याले आता उजाडायच्या आधीच बोलावणं येते. म्हणे साहेबात भलताच जोर आला आहे. जिना धावत चढतात. बंद झालेल्या जुन्या फायली पुन्हा उघडायले लावतात. काल तुझा बाप जेवायले बसला अन् वरणात बोट बुडवून सही करायले कागद शोधून राहिला. लोकांमध्ये इतकी शक्ती येते कुठून, तुझ्या पुस्तकात पाहून कळव.

तुझी आजी,
पद्मिनी

---

नागपूर
२६ फेब्रुवारी २००२

ती. आजीस नमस्कार.

बाकी सगळं राहू दे. बाबांचे साहेब कोणते बूट घालतात, हे बाबांना विचार. पत्र वाचून झाल्याबरोबर विचार.

तुझ्या क्लबाची हकिगत मी सरोजिनी मॅडमना सांगितली. आधी त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की यावर कोणी काम केलेलं नाही. मेसच्या मावशींना त्यांनी आमच्यावर प्रयोग करायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, प्रयोग कशाचा, मी रोजच बोलते.

आणि आई, प्रेमाचं नाही, आजीचंच खरं आहे. 'न्याहारी का चुकवू नये' या विषयावर मी वर्गात बोलत होते आणि बोलता बोलता घेरी येऊन पडले. न्याहारी केली नव्हती. आता बरी आहे. मुली मला न्याहारी म्हणूनच हाक मारतात.

बुटांचं विसरू नकोस.

तुझी,
निवेदिता

---

रायपूर
२४ मार्च २००२

चि. निवेदिता,

पांढरे.

एवढं लिहून पाकीट बंद कर, असं मी तुझ्या मायले म्हटलं होतं. ती म्हणाली, पोरगी घाबरेल.

तुझा बाप म्हणाला, पांढरे, कापडी, सकाळी फिरून तसेच ऑफिसात येतात. यज्ञेश्वर प्रसाद नाव आहे. येता-जाता सगळ्यांना सांगतात का बागेत कोणी पहुँची हुई माताजी आहेत, त्यांच्या आशीर्वादानं मी वीस वर्षांचा झालो. म्हणजे मी रोज सकाळी आपल्या हातानं त्या माणसाले चावी भरून राहिले होते, अन् तो दिवसभर माझ्याच पोरावर चालून राहिला होता.

मी म्हटलं, उद्या त्याले सांगते मी कोणाची माय आहे. तर तुझ्या बापानं माझे पाय धरले. म्हणाला, साहेबांना कळलं का त्यांचा कारकून माताजींचा पोरगा आहे, अन् माताजी घरी काय काय म्हणतात, तर माझी बदली जंगलात होईल. मले शपथ घातली का तू कोण आहेस ते सांगायचं नाही. मी घेतली. पोरगा पाया पडत असला अन् पडल्या पडल्याच डुलकी घेत असला, तर माय काय करेल?

मंग मी त्याले बोलणं बंद केलं. पांढरे बूट आले का गप्प बसायचं. तर तो म्हणाला, अम्मा अब मौन से आशीर्वाद दे रही हैं, अन् दुप्पट जोरात गेला. मंग गोड बोलून पाहिलं. बाबा, तू चांगला आहेस, तुझ्यासारखा कोणी नाही. त्या दिवशी त्यानं पूर्ण खात्याची बैठक घेतली. बोललं तरी फुगतो, नाही बोललं तरी फुगतो. असा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

(पुढचं मी लिहिते. परवा तुझे बाबा स्कूटरवरून येताना गोल बाजाराजवळ त्यांना झोप लागली आणि स्कूटर टरबुजाच्या ठेल्यात शिरली. हात खरचटून फाटला, टाके पडले, हाड वाचलं. लोक उचलायला धावले, तर हे टरबुजांवर डोकं ठेवून झोपलेले. ठेलेवाला म्हणाला, भाभीजी, मैंने पाँच मिनट सोने दिया, बहुत थका आदमी लगा. पट्टी बांधून ते तसेच ऑफिसात परत गेले. टरबुजांऐवजी ट्रक असता तर? निवू, मला भीती वाटते. — आई)

तुझ्या मायनं काय लिहिलं ते तिनं मले वाचून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही. नाक ओढत लिहिलेलं मले वाचल्याशिवाय समजते.

आता तुझं शास्त्र कामाले लाव. माणसातला जोर वाढवायचे उपाय तू पानभर पाठवले. कमी करायचा उपाय सांग. त्याले आजारी पाडायचा नाही, तोही कोणाचा पोरगा आहे. फक्त खाली बसवायचा आहे.

अन् न्याहारी कर. बापानं बाजारात निजावं अन् लेकीनं वर्गात पडावं, ही काय आपल्या घराण्याची रीत आहे?

तुझी आजी,
पद्मिनी

---

नागपूर
४ एप्रिल २००२

ती. आजीस नमस्कार.

आमच्या अभ्यासक्रमात माणसाची शक्ती कमी करण्याचा धडा नाही. सरोजिनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, त्याला शास्त्र कशाला लागतं, भर उन्हाळ्यात दुपारी पोटभर पुरण घाल आणि वर पंखा लाव.

मग मी वसतिगृहात बसून विचार केला आणि मला सापडलं. दाराला चिकटवलेल्या माझ्या कागदाच्या खालच्या बाजूला 'हे टाळा' म्हणून लिहिलंय ना? दुपारचं जड जेवण टाळा. साखर-तूप टाळा. जेवल्याबरोबर आडवं होणं टाळा. ते सगळं साहेबांना करायला लाव. आईकडून वाचून घे. शिकलेलं असं उलटं वापरायचं म्हणजे मला कसंतरीच होतंय, पण त्या टरबुजांचं वाचल्यापासून मला वर्गात काही ऐकू येत नाही.

पण ते आपल्या घरी जेवायला कशाला येतील? आणि बाबांची शपथ? तू ती मोडणार नाहीस ना?

माझी परीक्षा मे संपेपर्यंत आहे, मला येता यायचं नाही. बाबांना स्कूटर चालवू देऊ नका. मी रोज सकाळी पोहे खाते. मावशी समोर उभ्या राहून खाऊ घालतात आणि तोपर्यंत बोलतात. आजी, खोटं नाही सांगत, बरं वाटतं.

तुझी,
निवेदिता

---

रायपूर
१८ मे २००२

चि. निवेदिता,

तुझ्या पत्राले दीड महिना उत्तर नाही म्हणून तू रुसली असशील. मी आखजीची वाट पाहून राहिले होते.

आपल्याकडं अक्षय तृतीयेले गेलेल्या माणसाच्या नावानं एक पुरुष पितर म्हणून जेवू घालतात, ते तू लहानपणापासून पाहिलं. त्या दिवशी तो माणूस म्हणजे तो गेलेलाच. तुझ्या आजोबांच्या पाटावर दरवर्षी श्यामराव बसत. यंदा मी श्यामरावले सांगितलं, तुमचं पोट बिघडलेलं आहे. ते म्हणाले, नाही तर. मी म्हटलं, बिघडलेलं आहे. ते अजून रुसून आहेत, शिट्टी फार जोरात वाजवतात.

अन् बागेत मी पांढऱ्या बुटांना म्हटलं, आखजीले माझ्या घरी जेवायले ये, बारा वाजायच्या आत, उपाशीपोटी. त्याचे डोळे भरून आले. शपथ मी मोडली नाही. मी कोण आहे ते सांगायचं नाही, एवढीच शपथ होती. जेवू घालायचं नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं.

तुझ्या बापानं पितराच्या जेवणासाठी घंटाभराची सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, ठीक आहे, मलाही एका ठिकाणी जायचं आहे. मंग काय, हा ऑटोतून उतरला अन् ते गाडीतून उतरले, एकाच फाटकाशी.

साहेब म्हणाले, "शेखर बाबू, आप यहाँ कैसे?"

तुझा बाप म्हणाला, "सर, मैं यहीं रहता हूँ."

ते माझ्याकडं पाहून राहिले, अन् तुझा बाप देवाकडं. मी दोघांनाही म्हटलं, उन्हात उभे राहू नका, अन्न निवून राहिलं.

पाट मांडला होता. भोवती रांगोळी, पुढं पाण्याची घागर अन् तिच्यावर खरबूज, समोर तुझ्या आजोबांचा हार घातलेला फोटो. शेखर तांब्या घेऊन साहेबांचे पाय धुवायले वाकला, तशी साहेबांनी पाय मागं घेतले. मी म्हटलं, बस, पितर पाय मागं घेत नाही. तो बसला. मंग फोटोकडं पाहून त्यानं हळूच विचारलं, "अम्मा, मैं किसकी जगह बैठा हूँ?"

"शेखरच्या बापाच्या," मी म्हटलं.

तुझ्या मायनं वाढायले घेतलं. पुरणाची पोळी अन् सोबत वाटीभर तूप, नुसतं पोळीले लावलेलं नाही, पोळी बुडेल इतकं. वडे, कढी, भजी, आमरस, कुरडया. तुझ्या कागदावर जे जे टाळायले लिहिलं होतं, ते ते तिनं वाचून वाचून केलं. तो 'बस' म्हणाला का मी म्हणत होते, पितर उपाशी उठला तर पूर्ण वर्ष घराले सुख नाही. त्यानं आणखी घेतलं. घामानं न्हाऊन निघाला, पण घेतलं. माणूस वाईट नाही, निवू. त्याले कोणी थांब म्हणत नाही, एवढंच आहे.

शेवटी रीतीप्रमाणं मुलानं हात जोडून विचारायचं असते का तृप्त झालात का, काही इच्छा राहिली का. तुझा बाप पुढं आला अन् म्हणाला, "सर, कुछ इच्छा बाकी है?"

मी म्हटलं, बापाले सर म्हणतात का रे?

मंग तो म्हणाला, "बाबूजी, कुछ इच्छा बाकी है?"

साहेबांचा हात ताटातच थांबला. त्यांची नजर जोडलेल्या हातांवर गेली, तिथं टाक्यांचा वण अजून लाल आहे. इतके दिवस पट्टी बांधून हा त्यांच्यापुढं फायली ठेवून राहिला होता, त्यांना ती दिसली नव्हती. त्यांनी विचारलं, हे काय झालं. मले वाटलं, आता हा खोटं सांगेल. पण बापाच्या पाटावर बसलेल्या माणसाशी खोटं बोलता येत नाही. त्यानं सांगितलं, स्कूटर चालवताना झोप लागली होती.

मंग साहेब म्हणाले, "इच्छा ये है कि तुम शाम को घर जाया करो."

मी म्हटलं, बाप सांगून राहिला, ऐक.

यानंतर साहेब उठायले गेले अन् त्यांना उठता येईना. दोघांनी धरून खाटेवर नेलं, कूलर लावला. पाठ टेकली का घोरणं सुरू. तुझा बाप खाली चटईवर बसला, म्हणाला साहेब उठले का ऑफिसात जातो, अन् बसल्या बसल्या लवंडला. टोपल्याखालचा फोन गप्प होता. करणाराच आपल्या खाटेवर पडला होता, करेल कोण? ड्रायव्हर लिंबाखाली गाडीत निजला. तुझी माय दारात उभी राहून आपल्या नवऱ्याले पाहून राहिली होती. मंग ती आत गेली अन् दोघींसाठी चहा टाकला.

(साखर जास्त घातली. — आई)

दिवेलागणीले दोघं उठले. साहेब लाजून गेले.

मी तुले लगेच लिहिलं नाही, कारण जेवल्यावर माणूस काहीही कबूल करते. म्हटलं, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात असतानाच तुझा बाप घरी आला. मले वाटलं, नोकरी गेली. तो म्हणाला, नाही, साहेबांनी घड्याळ दाखवलं अन् घरी पाठवलं. हातपाय धुऊन माझ्याशेजारी पाटावर बसला. पहिली पोळी वाढली अन् घंटी वाजली. तो उठणार, तर मी त्याले खांद्याशी दाबून बसवलं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, फोन कानाले लावता येते. तिकडून साहेब म्हणाले, "अम्मा, लड़का पहुँच गया?"

मी म्हटलं, पोहोचला. म्हणाले, जेवला का? मी म्हटलं, तू फोन करशील तर जेवेल कसा? तर 'जी अम्मा, जी अम्मा' करत ठेवून दिला. तेव्हापासून रोज असाच फोन येतो. अंगावर घेतलं का माणूस बापपण सोडत नाही, काय करणार. बागेत मी त्याले अजून बोलते. त्याचं काम वाढलं असेल, पण ते तो आपल्या जोरावर करतो, माझ्या पोराच्या नाही.

काल तुझा बाप पोटभर जेवला. सहा पोळ्या खाल्ल्या अन् मंग ताटाकडं पाहून म्हणाला, "आई, मुगवड्यांची भाजी कर ना एखाद्या दिवशी." कित्येक महिन्यांनी त्यानं तोंडानं काही मागितलं, अन् नेमकी घरात एक मुगवडी नाही. तेवढ्यात फोन आला. मी चिडून होते, म्हणून साहेबांनाही सांगितलं का मुगवड्या नाहीत. ते म्हणाले, वो क्या होती है, अम्मा?

तर परीक्षेतून उठलीस का इतवारीच्या बाजारात जा. मुगवड्या घे, बारीक नको, मोठ्या, खणखणीत वाळलेल्या. वास घेऊन पाहा. गाडीनं कोणी येत असेल तर त्याच्या हाती दोन पिशव्या पाठव. एक तुझ्या बापासाठी, अन् एक त्याच्या बापासाठी.

तुझी आजी,
पद्मिनी